टाकीवरच्या दोन वायरी: जुन्या बोटींचं वायरिंग करणाऱ्या मिस्त्री मंडळींना खुले पत्र

मिस्त्री मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

“रात्री टाकी रिकामी होते आणि सकाळी आपोआप भरते,” असं एका बोटमालकाने मला सांगितलं तेव्हा मी हसलो. तोही हसला, पण खिसा हलका झालेला माणूस हसतो तसा. बोट पंचवीसेक वर्षांची, पेट्रोल इंजिनाची. इंधनाच्या गेजची तक्रार घेऊन तो आधी आपल्याच धंद्यातल्या एकाकडे गेला होता. त्याने पहिल्यांदा गेज बदललं. मग टाकीतला सेंडर, म्हणजे इंधनाची पातळी गेजला कळवणारा भाग, बदलला. तो सेंडरच खराब निघाला असं म्हणून आणखी एक आणून बसवला. म्हणजे पेट्रोलची टाकी दोनदा उघडली गेली, आणि काटा मात्र अंधार पडला की शून्याखाली जाऊन पडायचा तो पडतच राहिला.

मी बोटीवर गेलो तेव्हा दुपार होती. काटा बरोबर मध्यावर. डॅशबोर्डच्या दिव्यांचं बटण दाबलं, काटा पडला. बंद केलं, उठून जागेवर. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला. पॅनल उतरवून मीटर लावला. गेजच्या मागे ‘एस’ लिहिलेल्या, सेंडरची वायर येते त्या बोल्टवर दिवे बंद असताना मोजकेच व्होल्ट दिसत होते, दिवे लावले की 12.6. बॅटरीचा सगळाच्या सगळा प्लस त्या बोल्टवर, आणि तिथून सरळ टाकीत. मग मला हसू आलं नाही.

टॉर्च घेऊन वायरीच्या मागे मागे गेलो. टाकीकडे जाणारा जुडगा एका आडभिंतीच्या भोकातून आरपार जात होता. भोकाला रबराचा ग्रॉमेट, म्हणजे वायर कडेवर घासू नये म्हणून बसवायची कडी, नव्हता. वर्षानुवर्षं इंजिनाच्या थरथरीने वायरी त्या कडेवर घासत होत्या, आणि दिव्यांची निळी वायर नि सेंडरची गुलाबी वायर दोघींचं कातडं एकाच जागी सोललं गेलं होतं. तांब्याला तांबं टेकलेलं. बाहेरून जुडग्यावर कोणीतरी काळी टेप गुंडाळली होती, तिचा डिंक वितळून चिकट झाला होता. दोनदा टाकी उघडणाऱ्या हातांनी हे भोक एकदाही पाहिलं नव्हतं.

हे पत्र त्या एका माणसासाठी नाही. त्याने जे केलं ते आपण सगळेच करतो, मीही केलंय: काटा चुकला की संशय गेजवर, गेज सुटलं की सेंडरवर, आणि वायरीकडे बघायचं अगदी शेवटी. घरातल्या पंख्याच्या बाबतीत या क्रमाने फक्त वेळ जातो. पेट्रोलच्या टाकीच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. सगळ्यात शेवटी हात लावायची जागा आपण सगळ्यात आधी उघडतो. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं पत्र त्याचीच फोड.

आता त्या 12.6 व्होल्टचा हिशेब करू. सेंडर म्हणजे टाकीत सोडलेला एक बदलता रेझिस्टन्स. तरंगा वर-खाली होतो तसा तो कमी-जास्त होतो. अमेरिकन पद्धतीच्या सेंडरमध्ये टाकी रिकामी असताना सुमारे 240 ओहम आणि भरलेली असताना सुमारे 33. युरोपियन पद्धतीत उलट, रिकामी असताना 10 आणि भरलेली असताना 180. गेज मध्ये असतं तोवर त्याची कॉइल करंटला आवरून धरते आणि टाकीत जातो तो किरकोळ करंट, मिलिअँपिअरमध्ये मोजायचा. पण प्लस थेट गुलाबी वायरीवर आला की गेज खेळातून बाद. त्या बोटीची टाकी अर्धी होती, सेंडर शंभर ओहमच्या आसपास, म्हणजे टाकीत दीड वॅटच्या थोडी वर उष्णता. टाकी भरलेली असती तर पावणेपाच वॅट. आणि तीच गोष्ट युरोपियन सेंडरवर, टाकी रिकामी असताना झाली तर? 10 ओहम, सव्वा अँपिअर, जवळजवळ 16 वॅट. छोटं सोल्डरिंग आयर्न 15 वॅटचं येतं. रिकाम्या, वाफेने भरलेल्या टाकीत तरंग्याच्या दांडीजवळ आपण एक सोल्डरिंग आयर्न लावून ठेवलंय, असं समजा.

आणि फ्यूज? फ्यूजला यातलं काही कळत नाही. दिव्यांच्या सर्किटला 5 अँपिअरचा फ्यूज असतो, त्याच्या दृष्टीने सव्वा अँपिअर म्हणजे आणखी एखादा दिवा. फ्यूज वायरीला जळण्यापासून वाचवायला असतो, टाकीला वाचवायला नाही. म्हणून “फ्यूज टाकलाय ना, मग काळजी नको” हे वाक्य आपल्यापैकी कोणी मालकाला ऐकवत असेल तर कृपया थांबवा. गेजच्या प्लसला स्वतंत्र छोटा फ्यूज हवाच, आणि तो प्लस जिथून घेतलाय त्याच्या वीतभर अंतराच्या आत हवा. पण सेंडरच्या वायरीवर परका प्लस येऊ न देणं हे वायरीच्या वाटेचं काम आहे. तिला वेगळी स्लीव्ह द्या, प्रत्येक भोकाला ग्रॉमेट, वाटेत एकही जोड नाही, आणि बिल्ज पंपाच्या (बिल्ज म्हणजे बोटीच्या तळाची पोकळी) किंवा दिव्यांच्या प्लसबरोबर एकाच जुडग्यात बांधू नका. टाकीपासून गेजपर्यंत अखंड वायर ओढायला दोन तास जास्त जातात हे मला माहीत आहे. मालकाला तसं सांगून त्या दोन तासांचे पैसे घ्या.

काही जण म्हणतील, टाकीच्या आत वाफ इतकी दाट असते की पेटूच शकत नाही. बरोबर आहे, बऱ्याचदा. हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 टक्क्यांपासून 7.6 टक्क्यांपर्यंत असेल तरच ती पेट घेते, आणि बंद टाकीत ती सहसा याच्या वरच असते. पण आपण टाकी कधी उघडतो? ती उपसल्यावर, झाकण काढल्यावर, वारा लागायला ठेवल्यावर. म्हणजे दाट वाफ पातळ होत होत नेमकी त्या पट्ट्यातून जात असते तेव्हा आपण त्यावर वाकून पाना फिरवत असतो. आणि बाहेर आलेली वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली वाहते आणि बिल्जमध्ये तळ धरून बसते. तिला पेटायला सुमारे पाव मिलिजूल ऊर्जा पुरते. स्वेटर काढताना बोटाला जो चटका जाणवतो त्यात याहून जास्त असते.

म्हणूनच मला आपल्या धंद्यातली एक जुनी सवय डाचते. सेंडर तपासायचा म्हणून टाकीवरच जाऊन मधल्या बोल्टाला पेचकस लावायचा आणि त्याचं टोक फ्लँजला, म्हणजे सेंडर टाकीवर बसतो त्या चकतीला, टेकवायचं, “काटा हलला, म्हणजे वायर ठीक.” हलला खरा. पण तुम्ही टाकीच्या डोक्यावर, चालू सर्किटवर, मुद्दाम ठिणगी पाडलीत. हीच चाचणी डॅशबोर्डच्या मागे, टाकीपासून लांब, तितक्याच खात्रीने होते. चावी बंद करा, ‘एस’वरची वायर काढून बाजूला टेप लावून ठेवा, चावी लावा. गेज अमेरिकन असेल तर काटा रिकाम्याच्या खाली जायला हवा. आता छोट्या वायरीने ‘एस’ आणि गेजचाच मायनस जोडा, काटा भरलेल्याकडे जायला हवा. युरोपियन असेल तर दोन्ही उलट. तसं झालं तर गेज निर्दोष, त्याला सोडून द्या. मग चावी बंद करून, आधी मीटर व्होल्टवर ठेवून बाजूला काढलेल्या वायरीवर प्लस नाही ना याची खात्री करून घ्या, डॅशबोर्डचे दिवे लावून आणि बंद करूनही. त्यानंतरच मीटर ओहमवर ठेवा आणि ती वायर नि बॅटरीचा मायनस यांत मोजा. मीटरची छोटी बॅटरी जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडते. डिपस्टिकने टाकी अर्धी दाखवली आणि मीटरने अमेरिकन सेंडरला शंभरच्या आसपास आकडा दिला, तर टाकीचं झाकण उघडायचं कारणच उरत नाही. ज्या बोटीची गोष्ट वर सांगितली तिथे हे सगळं करायला मला पाऊण तास लागला, तोही पॅनलचे गंजलेले स्क्रू काढण्यात.

अमेरिकन की युरोपियन, हे आधी ठरवणं का महत्त्वाचं आहे त्यावर जरा थांबतो, कारण यात बरेच जण फसतात. जुन्या बोटीवर गेज एका देशाचं आणि सेंडर दुसऱ्या देशाचा असं लग्न सर्रास लावलेलं असतं. टाकी भरली की काटा तळाशी, रिकामी होत आली की वर. मालकाला सवय झालेली असते, “आमचं उलटं दाखवतं,” असं तो पाहुण्यांना सांगतोही. पुढचा मिस्त्री येऊन सेंडर बदलतो, काटा सरळ चालायला लागतो, आणि मालक त्याच्या जुन्या सवयीने वाचून भर पाण्यात इंजिन बंद पाडतो.

याहून वाईट आहे गंजलेला मायनस. फ्लँजवरच्या जोडात हिरवट बुरशी आली, समजा 20 ओहम वाढले. अमेरिकन सेंडरवर 33 चे 53 झाले, म्हणजे टाकी भरलेली असून काटा थोडा खाली. मालक पंपावर जरा लवकर जातो, एवढंच नुकसान. युरोपियन सेंडरवर मात्र रिकाम्या टाकीचे 10 ओहम 30 होतात आणि काटा वर सरकतो. नसलेलं इंधन आहे असं सांगतो. वायर सुटून लोंबत असेल तर अमेरिकन काटा ‘संपलं’ म्हणतो, युरोपियन ‘फुल्ल’ म्हणतो. आणि अमेरिकन जोडीची वायर घासून मायनसला टेकली तर तोही ‘फुल्ल’च म्हणतो. प्रत्येक जातीचा काटा आपापल्या पद्धतीने खोटं बोलतो. कोणता कसा, हे पाठ असेल तर निम्मा दोष काटा बघूनच कळतो.

दोन टाक्या आणि एक गेज असलेल्या बोटीवर आणखी एक गंमत पाहिली आहे. कोणीतरी निवडीचं बटण खराब झालं म्हणून दोन्ही सेंडरच्या वायरी एकत्र पिळून गेजला दिल्या होत्या. दोन्ही टाक्या कोरड्या असताना 240 आणि 240 समांतर, म्हणजे 120 ओहम. अर्ध्या टाकीला शंभरेक ओहम असतात. दोन्ही टाक्या ठणठणीत आणि काटा जवळपास अर्ध्यावर! बटण बसवायचं तर डॅशबोर्डवर, टाकीच्या कप्प्यात नाही, आणि ते एक संपर्क सोडून मगच दुसरा धरणारं हवं. वरच्या आणि खालच्या अशा दोन सुकाणूंवर एकेक गेज हवं असेल तर एका साध्या सेंडरला दोन गेज जोडू नका, दोन्ही खोटं बोलतील. दुहेरी स्टेशनसाठी वेगळा सेंडर मिळतो, साधारण निम्म्या ओहमचा.

आता मायनस. टाकीवरच्या दोन वायरींपैकी ही दुसरी आपण अगदी फुकटात काढतो. “कुठलाही मायनस चालेल,” म्हणतो आणि जवळच्या स्क्रूला लावून मोकळे होतो. पण या वायरीकडे दोन कामं आहेत. एक, गेजचा करंट परत न्यायचा. दुसरं, पेट्रोल भरताना नळीतून वाहणाऱ्या इंधनाने जी स्थिर वीज तयार होते तिला निमूटपणे खाली उतरवायचं. डेकवरचं भरायचं तोंड धातूचं, तिथून खाली रबरी नळी, खाली धातूची टाकी. मधली नळी वीज वाहून नेईल यावर भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे डेकवरचं तोंड एकटं पडतं. पंपाचं नॉझल त्याला टेकताना ठिणगी पडायला तेवढं पुरतं. म्हणून डेकच्या तोंडापासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून इंजिनाच्या मायनसपर्यंत सलग वायर लागते. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत पेट्रोल बोटींसाठी स्पष्ट आकडा आहे: इंधनाला लागणारा भरण्याच्या वाटेचा आणि टाकीचा प्रत्येक धातूचा भाग ते ग्राउंड (बोटीत इंजिनाचा मायनस) यांच्यात 100 ओहमपेक्षा कमी. आपल्या मीटरवर चांगला जोड एका ओहमच्याही खाली दाखवतो, त्यामुळे 100 ही काही अवघड परीक्षा नाही. तरीही जुन्या बोटीवर डेकचं तोंड आणि इंजिन ब्लॉक यांत मीटर लावून पाहा. किती वेळा ‘ओपन’, म्हणजे जोडच नाही, असं दाखवतं ते मोजायला लागलात तर माझं पत्र वाचण्याची गरज उरणार नाही.

ती वायर कुठे बांधलेली असते हेही बघा. सोललेलं टोक नळी आणि नळकांड्याच्या मध्ये सरकवून वरून क्लिप आवळलेली मी स्वतः पाहिली आहे. वायर जाते तिथून नळी नीट बसत नाही, आणि थेंब थेंब पेट्रोल त्याच वायरीवरून खाली उतरतं. म्हणजे गळती आणि अर्थिंग एकाच जागी. लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) लावा, बोल्टाला लावा, क्लिपच्या बाहेर लावा. माझ्यापुरतं मी गेजचा मायनस आणि टाकीचं अर्थिंग या दोन वेगळ्या वायरी ठेवतो, एक सुटली तर दुसरीवर गेजचा करंट गुपचूप जाऊन बसू नये म्हणून. ॲल्युमिनियमच्या टाकीला तर हे जास्तच लागू. वाट चुकलेला करंट ओलाव्यातून जाऊ लागला की तो धातू कुरतडतो. तांब्याचा नागडा लग थेट ॲल्युमिनियमवर आवळला तरी तेच, फक्त सावकाश. कथिलाचा मुलामा असलेला लग वापरा आणि जोडावर ग्रीस लावा. टाकी प्लॅस्टिकची असेल तर सेंडरला स्वतःचा मायनस लागतो, टाकीवर विसंबून चालत नाही. आणि टाकी प्लॅस्टिकची म्हणून डेकच्या धातूच्या तोंडाची वायर टाळता येत नाही.

डिझेलवाल्यांनी हे पत्र इथे मिटून ठेवू नये. डिझेल 50 अंशांच्या वर तापल्याशिवाय पेट घेण्याइतकी वाफ देत नाही, त्यामुळे ठिणगीची भीती बरीच कमी. पण काट्याचं खोटं बोलणं, गंज, घासलेली वायर, सगळं तसंच.

टाकी उघडावीच लागली तर? लागतेच कधीकधी, सेंडर खरोखर मेलेला असतो. माझी पद्धत सांगतो. आधी नाकाने बघायचं. पेट्रोलचा वास येत असेल तर कुठलंच बटण दाबायचं नाही, वाफ बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं, म्हणजे ब्लोअरचंसुद्धा नाही, सगळी झाकणं उघडून थांबायचं आणि गळती कुठे आहे ते शोधायचं. वास नसेल तर ब्लोअर चार मिनिटं तरी, मी दहा चालवतो. मग बॅटरी. इथे मुख्य स्विच बंद केला की झालं असं समजणारे चुकतात. आपोआप चालणारा बिल्ज पंप बहुतेक वेळा मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीला जोडलेला असतो, आणि त्याचा तरंगता स्विच बिल्जमध्येच असतो, वाफ जिथे साचते तिथेच. शिवाय चार्जर, सोलर पॅनल. म्हणून आधी चार्जरचा प्लग काढा, सोलर पॅनलची वायर सोडवा, आणि मग बॅटरीच्या बोल्टावरूनच मायनसचा लग काढून टाका. तो काढताना बारीक ठिणगी पडू शकते, म्हणून हे सगळं टाकीचं झाकण उघडण्याआधी. उघडल्यावर नाही.

लग क्रिम्प करायचा, म्हणजे वायरीवर दाबून बसवायचा, आणि हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर घट्ट होणारी नळी, आवळायचं काम टेबलावर. टाकीपाशी नाही. एकाला मी टाकीच्या बोल्टावर बसवलेल्या लगवर सिगारेटच्या लायटरने हीट श्रिंक आवळताना पाहिलं आहे. काही बोललो नाही, आधी बोटीवरून उतरलो, मग धक्क्यावरून ओरडलो. वायर मोजून कापा, वर नेऊन क्रिम्प करा, डिंकाचा थर असलेली श्रिंक आवळा, थंड झाली की खाली आणून फक्त नट फिरवा. सोल्डर करून क्रिम्प टाळणारे थरथरीने वायर नेमकी सोल्डर संपतो त्या जागी तुटताना बघतात, आपणही पाहिलंय. वायर बारीक तारांची, कथिल दिलेली, दीड चौरस मिलिमीटरची. करंटला एवढी लागत नाही, ओढाताणीला लागते. आणि सेंडरसाठी गुलाबीच घ्या. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या रंगसंगतीत गुलाबी म्हणजे इंधनाच्या सेंडरची वायर. पुढचा माणूस त्या रंगावरूनच ती ओळखणार आहे.

फ्लँजला पाच स्क्रू असतात आणि त्यांची भोकं मुद्दाम असमान अंतरावर असतात, सेंडर एकाच दिशेने बसावा म्हणून. बसत नाही म्हणून भोक मोठं करणारा महाभाग मला एकदाच भेटला, पण भेटला. गॅस्केट इंधनाला टिकणारं घ्या, नायट्राइलचं. बाथरूमवाला सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतो. काही टाक्यांत स्क्रूची टोकं आत उघडी असतात आणि इंधन आट्यांवरून वर चढतं, तिथे सील असलेला वॉशर लागतो. खूप जुन्या सेंडरवर कॉर्कचा तरंगा असतो, लाखेचा हात दिलेला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ती लाख सुटते, कॉर्क पेट्रोल पितो आणि बुडतो, आणि भरलेली टाकी रिकामी दिसायला लागते. तिथे वायरिंगचा काही दोष नसतो.

टाकीच्या कप्प्यात नवीन काही बसवू नका. रिले नको, फ्यूजची पट्टी नको, पुढेमागे लागेल म्हणून ठेवलेलं टर्मिनलही नको. पेट्रोलच्या कप्प्यात जे विजेचं असेल ते ठिणगी बाहेर न सोडणारंच असावं लागतं आणि तसा शिक्का त्यावर असावा लागतो. गाडीचा सुटा भाग बोटीवर बसवण्याचा मोह इथेच नडतो. गाडीखालून वारा वाहून जातो, बोटीखाली पाणी असतं.

आणि शेवटची मागणी, जी मी स्वतःही गेल्या काही वर्षांतच पाळायला लागलो. काम झालं की पॅनलच्या आतल्या बाजूला चार ओळी लिहून चिकटवा: सेंडर कोणत्या पद्धतीचा, रिकाम्यात आणि भरलेल्यात मोजलेले ओहम, डेकच्या तोंडापासून इंजिनापर्यंतचा आकडा, तारीख. जुन्या बोटीवर आपण पहिले नसतो आणि शेवटचेही नसतो. आपल्या आधी कोणी हे लिहून ठेवलं असतं तर त्या मालकाची टाकी एकदाही उघडावी लागली नसती.

आपला,
तुमच्यातलाच एक मिस्त्री

ता. क. त्या बोटीतून पहिल्यांदा काढलेला मूळ सेंडर मालकाने पिशवीत घालून जपून ठेवला होता. टेबलावर घेतला, मीटर लावला आणि दांडी हाताने सावकाश वर उचलली. 238 पासून 35 पर्यंत, मध्ये एकदाही आकडा उडाला नाही. तो आता माझ्याकडे आहे. शिकायला येणाऱ्या पोराच्या हातात पहिल्या दिवशी तोच देतो.